पहिली कथा दिवाळी अंकाला पाठवायचीय: कधी, कशी, किती ठिकाणी?

माणनदी (९ जून, रात्री १०:१२)

नमस्कार मंडळी. तीन वर्षं इथं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांगोल्याजवळच्या गावात राहते, पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या आणि रात्री भांडी उरकली की मोबाईलवर लिहायचं, असं करत करत एक कथा पुरी झालीय. २०१९ च्या उन्हाळ्यात चारा छावणीवर जनावरांसोबत मुक्कामाला राहिलेल्या दोन बायकांची. ४२०० शब्द भरलेत.

ती दिवाळी अंकाला पाठवावी असं मनात आहे. पण कधी पाठवतात, कोणाला पाठवतात, काही म्हणजे काही माहीत नाही. आमच्या वाचनालयात दिवाळी उलटल्यावर अंक येतात, तेवढीच त्यांची न् माझी ओळख. एकाच वेळी चार-पाच ठिकाणी पाठवली तर चालते का? संवाद माणदेशी बोलीत आहेत आणि निवेदनही अध्येमध्ये तिकडंच सरकलंय, ते सरळ करू का? शिवाय एका अंकाकडून निरोप आलाय की कथा घेतो, पण १५०० रुपये 'सहभाग शुल्क' भरा, अंकाच्या दोन प्रती मिळतील. भरू का?

घरात लिहिणारं कोणी नाही, म्हणून तुम्हाला विचारतेय.

साभारपरत (९ जून, रात्री १०:२०)

पैसे भरू नका. बाकीचं सावकाश बोलू, आधी हे.

पावशेर (९ जून, रात्री १०:३१)

साभारपरत आयडीला जागले, सल्ल्यासकट १५०० रुपयेही परत. (दिवे घ्या, म्हणजे हलकं घ्या.)

कात्रीवाली (१० जून, सकाळी ७:०५)

एका दिवाळी अंकाच्या संपादनात बरीच वर्षं हात लावते. कोणत्या ते विचारू नका, नाहीतर इनबॉक्समध्ये कवितांचा पूर येईल.

वेळेचं आधी सांगते. आमच्याकडे मार्च-एप्रिलमध्ये विषय ठरतात आणि निमंत्रित लेखकांना फोन जातात. मे-जूनमध्ये 'साहित्य पाठवा'ची आवाहनं फिरतात. जुलैअखेर निवड बहुतेक झालेली असते, ऑगस्टमध्ये चित्रं आणि मुद्रितशोधन, गणपती उठले की अंक छापखान्यात. सगळीकडे हेच असेल असं नाही, पण फार फरकही नसतो. म्हणजे तुम्हाला उशीर झालेला नाही. मात्र 'श्रावणात निवांत बघू' म्हणालात तर हुकलंच. दर वर्षी ऐन गणपतीत लोकांचे मेल येतात, 'येत्या दिवाळीसाठी कथा पाठवत आहे', आणि मी एका हातात मोदकाची पारी घेऊन ते वाचत असते.

आता ४२०० शब्द. कथा म्हणून लांबी वाईट नाही, पण नवख्या नावासाठी अडचणीची आहे. कारण साहित्यिक नाही, छापखान्याचं आहे. अंकाची पानं आम्हाला वाटलं म्हणून दोन-तीन वाढत नाहीत. फर्मा असतो, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापायची पानं, त्यामुळे पानं आठाच्या नाहीतर सोळाच्या पटीत वाढतात. शेवटच्या आठवड्यात एखादी जाहिरात आली की काहीतरी बाहेर काढावं लागतं. मोठ्या नावाला हात लावता येत नाही, कविता काढून अर्धंच पान सुटतं. मग नजर जाते ती नव्या लेखकाच्या आठ पानांवर. तीन हजाराच्या आत आणता आली तर बघा. कथा बिघडणार असेल तर मात्र नका आणू.

कोणाला पाठवायची, तर वाचनालयात जाऊन गेल्या वर्षीचे अंक काढा. पहिल्या पानांत संपादकांचा पत्ता, मेल, फोन असतो. त्याआधी दोन कथा वाचा. आपली कथा त्यांच्या पंगतीला बसेल का, ते पाच मिनिटांत कळतं.

आणि हात जोडून विनंती, फाईलला नाव द्या. माझ्याकडे 'कथा', 'कथा १', 'कथा फायनल' आणि 'कथा फायनल खरी' अशा चार वेगवेगळ्या माणसांच्या फाइली एकाच फोल्डरात आहेत. कथेचं नाव आणि तुमचं नाव, बस. युनिकोडमधली वर्डची फाईल. पीडीएफ नको, वहीच्या पानांचे फोटो नकोत, व्हॉट्सअॅपवर अकरा तुकडे तर नकोतच. शेवटी पत्ता, फोन आणि चार ओळींचा परिचय. 'लहानपणापासून वाचनाची आवड' ही ओळ सगळ्यांच्याच परिचयात असते, तेवढी जागा वाचवा.

७:५२ची_लोकल (१० जून, सकाळी ९:४०)

कात्रीवाली, अख्खा प्रतिसाद जपून ठेवलाय.

चार ठिकाणी पाठवण्याबद्दल माझा चटका सांगतो. एक कथा तीन अंकांना पाठवली, कोणाचंच उत्तर नाही, म्हटलं गेली कचऱ्यात. दिवाळीत दादर स्टेशनबाहेरच्या स्टॉलवर अंक चाळतोय तर कथा छापून आलेली! उड्या मारायच्या बाकी होत्या. चार दिवसांनी एका मित्राचा फोन, 'अमुक अंकात तुझी कथा वाचली'. तो अमुक अंक वेगळाच. दोन्हीकडे छापली होती. एका संपादकांनी फोन करून इतक्या शांतपणे झापलं की आजही घाम फुटतो. त्या अंकाचं दार कायमचं बंद झालं. एका वेळी एकच.

साभारपरत (१० जून, दुपारी १:१५)

लोकलराव, तुमचं चुकलं हे खरं, पण त्या दोघांनी स्वीकारल्याचं कळवलं होतं का? नाही ना? मग लेखकानंच एकपत्नीव्रत का पाळायचं? जूनमध्ये पाठवलेल्या कथेला नोव्हेंबरपर्यंत हूं नाही की चूं नाही. दर वर्षी एक अंक या हिशेबानं चार दारं ठोठवायला चार वर्षं लागतील.

आमच्या वेळी निदान उत्तर यायचं. हस्तलिखितासोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडावं लागे. नकार आला तर त्याच पाकिटातून यायचा. पोस्टमन गल्लीत वळला की लांबूनच कळायचं, कारण पाकिटावर अक्षर आपलंच. आत छापील चिठ्ठी, 'साभार परत'. एकदा मात्र त्या चिठ्ठीच्या कडेला पेन्सिलीनं कोणीतरी लिहिलं होतं, 'शेवट दोन परिच्छेद आधीच झाला आहे.' खाली सही नाही. मी ते दोन परिच्छेद उडवले आणि ती कथा पुढच्या वर्षी दुसरीकडे लागली. त्या पेन्सिलीच्या एका ओळीवर मी पुढची दहा वर्षं काढली.

कात्रीवाली (१० जून, दुपारी २:०२)

उत्तर न देण्याबद्दल तुमचा राग रास्त आहे. आम्ही दोघी-तिघी आहोत, सगळ्यांच्या नोकऱ्या आहेत, तरी सबब म्हणून सांगत नाही.

मधला रस्ता असा. मेलमध्येच लिहा, 'अमुक तारखेपर्यंत आपलं उत्तर आलं नाही तर कथा अन्यत्र पाठवेन.' सहा आठवडे पुरे. तारीख उलटली की एक ओळ टाकून मोकळं व्हायचं. यात कोणी दुखावत नाही.

साभारपरत (१० जून, दुपारी २:१०)

नवख्यानं संपादकाला तारीख द्यायची? जरा धीटच सल्ला आहे. पण चांगला आहे.

पावशेर (१० जून, दुपारी ४:४८)

मुळात दिवाळी अंक वाचतं कोण हल्ली? अर्धा अंक सोन्या-चांदीच्या आणि बँकांच्या जाहिराती, उरलेल्यात राशिभविष्य. (काडी टाकून पळालो.)

खिळेजुळारी (१० जून, संध्याकाळी ६:३०)

पावशेर, परत या. जाहिरात आजची नाही. 'मनोरंजन' मासिकाचे संपादक का. र. मित्र यांच्या १९०९ च्या अंकापासून दिवाळी अंकांची परंपरा धरतात. शंभराहून अधिक वर्षं ती कशावर चालली, नुसत्या वाचकांच्या वर्गणीवर? आमच्या गावच्या वाचनालयात दिवाळी अंकांची वेगळी वर्गणी आजही असते आणि ती भरायला माणसं रांग लावतात. लिहिणाऱ्यानं जाहिरातीवर नाक मुरडू नये, तिच्याच पानामागे आपलं पान छापलं जातं.

आता माणनदीताईंच्या बोलीबद्दल. मी छापखान्यात खिळे जुळवण्यापासून सुरुवात केली आणि मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालो. शुद्धलेखनाचे सरकारमान्य नियम १८ आहेत, १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये भर पडलेले ४. त्यांतच मुभा आहे की कथा-कादंबरीतल्या पात्रांच्या तोंडचं बोलणं उच्चाराप्रमाणे लिहावं. तेव्हा संवादाला कोणी हात लावू शकत नाही. निवेदन मात्र प्रमाणभाषेत ठेवा असं माझं मत. रत्नागिरीचा वाचक पहिल्या पानावर अडखळला तर दुसरं उलटत नाही.

झाडीबोली (१० जून, रात्री ९:१७)

खिळेजुळारी काका, आदर राखून कडाडून विरोध.

मी भंडाऱ्याचा. माझ्या पहिल्या कथेत पात्रं आमच्या बोलीत बोलायची आणि निवेदक एकदम पुण्यातल्या वक्तृत्व स्पर्धेत उभा असल्यासारखा. छापून आल्यावर माझ्या आईनं विचारलं, 'हा मधे मधे कोण बोलते?' तिला पात्रं कळली, निवेदक परका वाटला. तिथंच माझं काय चुकलं ते समजलं.

माणनदीताई, आधी एवढंच ठरवा की ही गोष्ट सांगतंय कोण. छावणीवरचीच एखादी बाई सांगत असेल तर ती 'तिने पाहिले' असं कशाला म्हणेल? आणि शहरात राहून आठवणारी मुलगी सांगत असेल तर तिची भाषा मिसळलेली असेल, जशी तुमची या धाग्यात आहे. तुम्ही लिहिलंय, निवेदन 'तिकडंच सरकलंय'. ते का सरकलं ते बघा, बहुतेक तीच तुमच्या कथेची खरी भाषा आहे. अडखळणाऱ्या वाचकाची काळजी नका करू. वाचक दोन पानांत कानाला सवय लावून घेतो.

खिळेजुळारी (१० जून, रात्री ९:५०)

तुमच्या मातोश्रींचा मुद्दा बिनतोड आहे. मत अगदीच बदललं नाही, पण हललं.

मग निदान एकसारखेपणा पाळा. पहिल्या पानावर 'हुतं' आणि पाचव्या पानावर 'व्हतं' नको. बोलीतल्या शब्दांची यादी एका कागदावर काढून एकच रूप पक्कं करा. आणि फाईलच्या माथ्यावर ठळक लिहा, 'निवेदनातील व संवादातील बोलीरूपे हेतुतः ठेवली आहेत, कृपया दुरुस्त करू नयेत.' हे न लिहिल्यानं काय होतं ते मी करून बसलोय. एका लेखकाचे वीस-पंचवीस 'न्हाई' मी इमानेइतबारे 'नाही' करून टाकले होते.

टोरांटोकर (११ जून, पहाटे ४:२२)

युनिकोडचा आग्रह कशाला ते कोणी सांगेल का? मी २००४ पासून जुन्या फॉन्टमध्येच टंकतो. आमच्या मंडळाच्या स्मरणिकेला चालतं.

खिळेजुळारी (११ जून, सकाळी ८:११)

जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागेवर देवनागरी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसेल तर समोरच्याला नुसता चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराची स्वतःची ठरलेली जागा असते, म्हणून तसं होत नाही. रूपांतर करायला गेलं की पहिला मार अर्ध्या 'र'वर पडतो, 'ऱ्य' आणि 'र्य' यांत घोटाळा. एका कथेत लग्नघरातल्या आचाऱ्यांवर यजमान ओरडतो असा प्रसंग होता. रूपांतरानंतर तो आचार्यांवर ओरडायला लागला, 'भाजी खारट केलीत!'

पावशेर (११ जून, सकाळी ८:३०)

हल्लीचे काही आचार्य बघता मूळ लेखकाला हेच म्हणायचं असावं.

वकीलीणबाई (११ जून, सकाळी ११:०५)

कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण भांडणं इथंच होतात. कथा लिहिली त्या क्षणापासून तिचा हक्क तुमचा, नोंदणी करावी लागत नाही. हयातभर आणि पुढे ६० वर्षं तो टिकतो. अंकाला पाठवलीत म्हणजे कथा विकली असं होत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो. त्या कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

म्हणून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं छापलेला कागद कोणी पुढं केला तर सही करण्याआधी तीनदा वाचा. आवाजी पुस्तक, अनुवाद, वेबमालिका हे सगळं त्या एका ओळीत जातं. अंकासाठी एकदा छापण्याची परवानगी पुरेशी आहे, मेलमध्ये तेवढंच लिहा.

७:५२ची_लोकल (११ जून, दुपारी १२:४०)

वकीलीणबाई, फेसबुकवर टाकलेली कथा 'अप्रकाशित' राहते का?

कात्रीवाली (११ जून, दुपारी १:१०)

कायद्याचं त्या सांगतील. आमच्यापुरतं, नाही. चारशे लोकांनी वाचून 'अप्रतिम' म्हटलेली कथा आम्ही अप्रकाशित म्हणून कशी छापू? ब्लॉग आणि मोठे व्हॉट्सअॅप गटही त्यातच आले. दोन-तीन जाणत्यांना मेलवर वाचायला देणं वेगळं, ते जरूर करा.

साभारपरत (११ जून, रात्री ८:४४)

१५०० रुपयांवर परत येतो, कारण त्यावर नंतर कोणी बोललंच नाही.

त्यांना लबाड म्हणणार नाही. छपाईचा खर्च लेखकांकडून काढायचा, हा एक धंदा आहे, इतकंच. पण त्या अंकाला वाचक लागत नाही, लेखक लागतात. पन्नास लेखकांनी पैसे भरले की अंक निघतो आणि ते पन्नास जण आपापली दोन-दोन पानं वाचतात. कथा कोणी निवडली, कोणी कापली, कोणी 'शेवट आधीच झालाय' असं पेन्सिलीनं लिहिलं? कोणीच नाही. मानधन मोठं मिळत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे, कित्येक ठिकाणी शून्यच असतं. पण शून्य आणि उणे १५०० यांत फरक आहे हो, तुम्ही तर कॅशियर आहात.

झाडीबोली (११ जून, रात्री ९:३०)

+१. पुढं कधी दहा-बारा कथा जमल्या आणि पुस्तकासाठी कोणी पैसे मागितले तर तेव्हाही आठवा. पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. आयएसबीएनसाठीही (पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी) वेगळे पैसे कोणी लावले तर हसा, तो क्रमांक देणारी राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था त्याचे पैसे घेत नाही.

माणनदी (१५ जून, रात्री ११:०२)

सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. आठवडाभर रोज धागा उघडून वाचतेय.

पैसे भरले नाहीत. फाईलचं नाव 'कथा फायनल नवीन ३' होतं, ते बदललं. झाडीबोली दादांनी विचारलेलं 'सांगतंय कोण' हे मी स्वतःला कधीच विचारलं नव्हतं. छावणीवरची पोरगी सांगतेय हे आत्ता कळलं. त्यामुळं पहिलं दीड पान, दुष्काळ कसा पडला, पाऊस किती वर्षं नव्हता, ते सगळं आपोआप गळलं. पोरीला दुष्काळ समजावून सांगायचा नसतो, ती त्यातच उभी असते. आता ३३०० शब्द आहेत.

पण खरा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारलाच नव्हता, धीर झाला नाही. कथेतली एक बाई म्हणजे माझी सख्खी मावशी आहे. नाव बदललंय, पण गावातलं शेंबडं पोरगंही ओळखंल. ती घरात भांडून छावणीवर जाऊन राहिली होती, ते कथेत आलंय. मावशी चौथी शिकलीय, अंक काही वाचणार नाही. पण कोणीतरी तिला सांगणारच. काय करू?

वकीलीणबाई (१६ जून, सकाळी १०:२०)

कायद्यापेक्षा घरचा प्रश्न मोठा दिसतोय. ओळखू येणाऱ्या खुणा बदला, गाव बदला, मुलांची संख्या बदला. भांडणाचं कारणही.

साभारपरत (१६ जून, दुपारी १२:१२)

कारण बदललं तर कथा राहील का?

माझा अनुभव ऐका. मी एका कथेत माझ्या काकांना घेतलं, हुबेहूब. छापून आल्यावर छातीत धडधड. काका आले, चिडलेले. म्हणाले, 'मला तू असा दाखवलास?' आणि बोट ठेवलं ते भलत्याच पात्रावर, जो मी आमच्या शाळेतल्या शिपायावरून घेतला होता. ज्या पात्रात ते होते, त्याच्याबद्दल म्हणाले, 'हा मात्र झकास उतरलाय, कोण आहे रे?' माणसं स्वतःला ओळखत नाहीत.

झाडीबोली (१६ जून, रात्री ९:०५)

काकांचं ठीक, पण मावशी वाचू शकत नाही म्हणून तिला न सांगता छापणं मला बरोबर वाटत नाही. वाचणारा माणूस निदान भांडू तरी शकतो. वाचून दाखवा तिला. नको म्हणाली तर तेव्हा बघू.

कात्रीवाली (१६ जून, रात्री ९:२५)

अनुमोदन. पण जुलै संपायच्या आत हं.

माणनदी (२२ जून, रात्री १०:४०)

काल रविवारी गेले होते मावशीकडं. ती शेंगा फोडत होती, मी मोबाईलवरून वाचत होते. भांडणाचा भाग आला तेव्हा माझाच आवाज बसला. ती काही बोलली नाही, शेंगा फोडतच राहिली. पुरी कथा झाल्यावर म्हणाली, 'समदं खरं हाय. पर म्हस कुठनं आणलीस? माजी तर गाय हुती.' मग थोड्या वेळानं, 'आन् दुदाला तू लावलायस तेवढा भाव कुनी दिला असता तर म्या छावनीवर कशाला ऱ्हायले असते?'

भांडणाबद्दल एक शब्द नाही. निघताना पिशवीत शेंगा घातल्या.

कात्रीवाली (२२ जून, रात्री १०:४८)

दुधाच्या भावाचं ते वाक्य कथेत आहे का?

माणनदी (२२ जून, रात्री १०:५१)

आता आहे. म्हैसही काढली. एका अंकाला सकाळी पाठवतेय, ३ ऑगस्टची तारीख टाकून.

पावशेर (२२ जून, रात्री ११:००)

मानधन आलं तर अर्धं मावशीचं.

खिळेजुळारी (२३ जून, सकाळी ६:१५)

ताई, पाठवण्याआधी एकदा बघून घ्या. मावशींच्या तोंडी 'छावनी' आहे, पोरगी 'छावणी' म्हणते की 'छावनी'? एक काय ते ठरवा.